भूकंपाची खोली व भूपृष्ठावरील धक्का

शाळाभेटींच्या गेल्या फेरीत नवी मुंबईलगतच्या एका गावठाणातील शाळेत सातवीच्या भूगोलाच्या तासाला बसण्याचा योग आला. विषय भूकंपाचा होता. बाईंनी फळ्यावर दोन नोंदी लिहिल्या होत्या. पहिली : ओखोत्स्कचा समुद्र, २४ मे २०१३, परिमाण ८.३. दुसरी : किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, परिमाण ६.२. पहिल्या भूकंपात प्राणहानी झाली नाही. दुसऱ्यात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हे ऐकताच एका मुलीने विचारले, "बाई, मग यांतला मोठा भूकंप कोणता?" बाईंनी उत्तराचा आव आणला नाही. "पुढच्या तासाला सांगेन," असे म्हणून त्यांनी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. असा प्रश्न अन्य शाळांतूनही विचारला जाईल. म्हणून त्याचे उत्तर शिक्षकबंधुभगिनींपुढे सविस्तर ठेवीत आहे.

परिमाण आणि तीव्रता

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करावा. भूकंपाच्या उगमस्थानी, म्हणजे भूकंपनाभीपाशी, किती ऊर्जा मोकळी झाली हे परिमाण सांगते. परिमाणाचा अंक एकाने वाढला की मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. एका भूकंपाचे परिमाण एकच असते. तीव्रता मात्र गावोगाव वेगळी असते. अमुक गावी जमीन किती हादरली, भांडी वाजली की भिंती पडल्या, यावरून ती ठरते. वृत्तपत्रांत बहुधा परिमाणच छापून येते आणि माणसे त्यालाच तीव्रता समजतात. परिमाण व तीव्रता यांच्यामध्ये ज्या गोष्टी उभ्या असतात त्यांपैकी मुख्य म्हणजे भूकंपनाभीची खोली होय.

खोलीचे तीन वर्ग

७० किलोमीटरांपर्यंतचे भूकंप उथळ, ७० ते ३०० किलोमीटरांपर्यंतचे मध्यम खोलीचे आणि ३०० ते सुमारे ७०० किलोमीटरांपर्यंतचे खोल, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याहून खाली भूकंप होत नाहीत. इतक्या खोलवर भूकंप होतात ही गोष्ट जपानी शास्त्रज्ञ कियू वादाती यांनी १९२८ साली नोंदींच्या आधारे सप्रमाण दाखवून दिली.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. खाली जावे तसतशी उष्णता वाढते आणि तापलेला खडक तुटण्याऐवजी हळूहळू वाकतो, सरकतो. मग एवढ्या खोलीवर भूकंप कसे होतात? त्याचे कारण असे की, जेथे भूकवचाचा एक प्रचंड तुकडा दुसऱ्याखाली शिरतो, तेथे तो थंड व कठीण खडक तापण्यापूर्वीच प्रावरणात शेकडो किलोमीटर खाली जातो. खोल भूकंप बहुतेक अशाच बुडणाऱ्या थरांत होतात. म्हणून ते जपान, इंडोनेशिया, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम भाग अशा ठराविक पट्ट्यांतच आढळतात. आपल्याला जवळचा असा प्रदेश म्हणजे अफगाणिस्तानातील हिंदुकुश. तेथील भूकंप मध्यम खोलीचे असून त्यांचे धक्के दिल्लीपर्यंत जाणवतात.

कंदिलाचा दृष्टांत

मुलांना हे समजावण्यास कंदील पुरे. कंदील जमिनीलगत ठेवला तर भोवतालचा लहानसा भाग लख्ख उजळतो आणि चार पावलांवर अंधार असतो. तोच कंदील उंच खांबावर टांगला तर सारे अंगण उजळते, परंतु उजेड सर्वत्र मंद असतो. उथळ भूकंप हा जमिनीलगतच्या कंदिलासारखा, तर खोल भूकंप खांबावरच्या कंदिलासारखा होय.

याचे गणितही फळ्यावर करून दाखविता येते. २० सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ काढावी आणि एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर असे मानावे. रेघेच्या डाव्या टोकाखाली एक सेंटिमीटरवर 'क' बिंदू व २० सेंटिमीटरवर 'ख' बिंदू घ्यावा. डावे टोक म्हणजे नाभीच्या थेट वरचे गाव, ज्याला अपिकेंद्र म्हणतात. उजवे टोक म्हणजे २०० किलोमीटर दूरचे गाव. आता मुलांकडून पट्टीने अंतरे मोजून घ्यावीत. 'क' पासून जवळचे गाव १ सेंटिमीटर, दूरचे २० सेंटिमीटर. म्हणजे अंतर वीसपट. 'ख' पासून जवळचे गाव २०, दूरचे सुमारे २८. म्हणजे अंतर दीडपटही नाही. उथळ भूकंप एका गावाचा नाश करतो आणि दूरच्या गावाला केवळ चाहूल देतो, खोल भूकंप मात्र दोन्ही गावांना जवळजवळ सारखाच हलवितो, हे आकृतीवरून मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

३० मे २०१५ रोजी जपानच्या ओगासावारा बेटांजवळ ७.८ परिमाणाचा भूकंप सुमारे ६८० किलोमीटर खोलीवर झाला. तो जपानच्या सर्व ४७ प्रांतांत जाणवला, तरी कोणी दगावले नाही. ओखोत्स्कचा भूकंप सुमारे ६०० किलोमीटर खोल होता आणि त्याची हालचाल हजारो किलोमीटर दूर असलेल्या मॉस्कोतही जाणवली. आता आपल्या शेजारची दोन उदाहरणे ताडून पाहावीत. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमध्ये मुझफ्फराबादजवळ ७.६ परिमाणाचा उथळ भूकंप झाला. त्यात ८० हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत शाळांच्या इमारतींखाली सापडलेले हजारो विद्यार्थी होते. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी हिंदुकुशमध्ये ७.५ परिमाणाचा भूकंप २०० किलोमीटरांहून अधिक खोलीवर झाला. त्यातील मृतांची संख्या सुमारे ४०० होती. परिमाण जवळजवळ तेच. घरांची बांधणी, वस्तीची दाटी हीही कारणे असतातच, परंतु या तफावतीत खोलीचा वाटा फार मोठा आहे.

दोन लहरींमधील अवधी

भूकंपनाभीपासून प्रथम प्राथमिक लहरी येतात व त्यांच्यामागून दुय्यम लहरी. भूकवचात पहिलीचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुसरीचा सुमारे ३.५ किलोमीटर असतो. जोराचा हादरा बहुधा दुय्यम लहरींचा व त्यांच्यामागून भूपृष्ठावरून येणाऱ्या लहरींचा असतो. नाभी दहा किलोमीटर खाली असेल, तर अपिकेंद्राच्या गावी दोन्ही लहरींमध्ये जेमतेम एक सेकंदाचे अंतर पडते. गडगडाट ऐकू येतो न येतो तोच धक्का बसतो. नाभी २०० किलोमीटर खोल असेल, तर हेच अंतर सुमारे २० सेकंदांचे होते. शिवाय खोल भूकंपात भूपृष्ठावरील लहरी क्षीण असतात आणि नंतरचे धक्केही थोडे येतात. म्हणून खोल भूकंप अनुभवणारे लोक संथ झोके सांगतात, तर उथळ भूकंप अनुभवणारे लोक आवाज आणि आचका सांगतात.

आपल्याकडील भूकंप

महाराष्ट्राखाली असा बुडणारा थर नाही. त्यामुळे आपल्याकडील विनाशकारी भूकंप उथळच झाले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला व सुमारे १८० माणसे दगावली. धरणाच्या जलाशयाशी त्याचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला असून, तेथील खडकांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. किल्लारीचा भूकंप गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. नाभी दहा किलोमीटरांच्या आतच होती. जाड दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथील लोकांनी धक्क्याबरोबर स्फोटासारखा आवाज ऐकल्याचे सांगितले. तो उथळपणाचाच पुरावा होय.

नवी मुंबईत मात्र आपल्या पिढीला जाणवलेले मोठे धक्के दूरचे होते. कोयनानगर येथून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. कच्छचे अपिकेंद्र साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. दूरचा उथळ भूकंप आणि पायाखालचा खोल भूकंप हे दोन्ही माणसाला पुष्कळ अंशी सारखेच भासतात : थोडा अवधी, मग संथ झोके. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छचा भूकंप झाला, तेव्हा प्रस्तुत लेखक शाळेच्या पटांगणात ध्वजवंदनाच्या कार्यक्रमात होता. आम्हांस काहीच कळले नाही. वाशीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका सहकाऱ्यांच्या घरी मात्र टांगलेला दिवा हेलकावे खात होता. उंच इमारती संथ लहरींना अधिक प्रतिसाद देतात, त्याचे हे उदाहरण.

यात जमिनीचाही वाटा असतो. नवी मुंबईच्या पूर्वेस पारसिकचा काळा खडक आहे, तर खाडीच्या बाजूस खाजणांचा मऊ गाळ व त्यावरील भराव. मऊ जमिनीत लहरींचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. १९८५ साली शेकडो किलोमीटर दूरच्या भूकंपाने मेक्सिको शहराचा जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेला भाग उद्ध्वस्त केला, तो याच कारणाने.

या सर्वांतून एक धोका उद्भवतो. दिवा हलला, लोक खाली जमले, पुन्हा वर गेले, यालाच आपली मुले भूकंप समजू लागतात. परंतु आपल्या प्रदेशात जवळ भूकंप झालाच, तर तो खोल व संथ नसेल. तो किल्लारीसारखा उथळ व अचानक असेल. विचार करण्यास तेव्हा अवधी मिळणार नाही. म्हणून विचार आधीच करून ठेवला पाहिजे.

शाळेत काय करावे

१. धक्का बसताच मुलांनी जागच्या जागी खाली बसावे. बाक असल्यास त्याखाली शिरून पाय घट्ट धरावा. नसल्यास दप्तराने डोके व मान झाकावी. खिडक्या, कपाटे व फळा यांपासून दूर राहावे.

२. कौलारू किंवा दगडमातीची एकखणी शाळा असून दार जवळ व समोर मोकळे पटांगण असेल, तर बाहेर पडणे हिताचे. आपल्या शाळेस कोणता मार्ग योग्य, हे मुख्याध्यापकांनी इमारत पाहून आजच ठरवावे.

३. जमण्याची जागा भिंत, विजेची तार व झाड यांपासून दूर असावी. अरुंद गल्लीत मुलांना कधीही नेऊ नये. २००१ साली कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत असलेली १८५ मुले व २० शिक्षक दोन्ही बाजूंची घरे कोसळून मृत्युमुखी पडले.

४. उथळ भूकंपानंतर पुन्हा धक्के येतात. इमारत तपासून होईपर्यंत मुलांना आत नेऊ नये. अमुक दिवशी भूकंप होणार, अशा वार्तांवर विश्वास ठेवू नये. तसे भाकीत करण्याची विद्या अद्याप कोणास साधलेली नाही.

५. कपाटे भिंतीस पक्की करावीत, त्यांवरील जड वस्तू खाली उतरवाव्यात आणि वरील कृतींचा सराव प्रत्येक सत्रात निदान एकदा घ्यावा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. परिमाणाने ओखोत्स्कचा भूकंप मोठा. परंतु किल्लारीच्या माणसांना किल्लारीचाच मोठा, कारण तो त्यांच्या अगदी पायाखाली झाला. भूकंप किती मोठा, हे विचारावे. त्याचबरोबर तो किती खोल, किती दूर आणि आपण कोणत्या जमिनीवर व कोणत्या छपराखाली बसलो आहोत, हेही विचारावे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आपल्या हाती नाहीत. छप्पर, कपाट, दार आणि मुलांची सवय या मात्र आहेत. तेवढ्या तरी आपण सांभाळाव्यात.