लघुकेंद्रे आणि लहरींचे नियमन

कल्याणपुढील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या उल्हासनगरातच २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. सकाळी लोकलच्या फलाटावर असंख्य भ्रमणध्वनी एकाच वेळी संपर्क मागतात. पडद्यावर संकेताच्या सर्व रेघा दिसत असूनही कित्येकदा बोलणे तुटते. असे का होते?

व्यत्ययाचे मूळ

एका मनोऱ्याच्या सेवाक्षेत्रास ‘सेल’ म्हणतात. मोठा मनोरा साधारणतः २० ते ४० वॅट शक्तीने लहरी प्रक्षेपित करतो. गर्दीच्या ठिकाणी त्याचा भार हलका करण्यासाठी खांबांवर वा इमारतींवर एक-दोन वॅटची लघुकेंद्रे बसवितात. परंतु दोघांची कंप्रता एकच असेल, तर मोठ्याच्या लहरी लहानाचा संकेत झाकोळून टाकतात. केवळ केंद्रांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

उपाययोजना

चौथ्या पिढीच्या प्रणालीत यासाठी दुहेरी योजना आहे. प्रथम, लघुकेंद्राचा संकेत थोडा क्षीण असला तरी भ्रमणध्वनीने त्यालाच पसंती द्यावी, अशी सूचना दिली जाते. दुसरे म्हणजे, १० मिलिसेकंदांच्या प्रत्येक कालखंडाचे दहा समान भाग असतात. त्यांपैकी काही भागांत मोठा मनोरा अत्यावश्यक संकेतांखेरीज मौन पाळतो. मोठ्या आवाजाचा माणूस मधूनमधून थांबला, की शेजारच्या हळू बोलणाऱ्याचे शब्द ऐकू येतात, तसेच हे आहे. मात्र त्यासाठी सर्व केंद्रांची घड्याळे तंतोतंत जुळलेली हवीत.

या मौनाची किंमतही आहे. तेवढा काळ मोठ्या मनोऱ्याच्या ग्राहकांच्या वाट्यातून वजा होतो. म्हणून सकाळी स्थानकावर व रात्री वसाहतींत मौनाचे प्रमाण भारानुसार बदलावे लागते.

स्थानिक संस्थांचे साहाय्य

१ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या दूरसंचार मार्गाधिकार नियमांत पथदिव्यांच्या खांबांसारख्या जागी लघुकेंद्रे बसविण्याची तरतूद आहे. योग्य जागा वेळेवर मिळाल्यास आखणी नेटकी होते.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा प्रसंगी संपर्क ही चैन नसून जीवनरेखा ठरते. ती अखंड राहण्यासाठी मनोऱ्यांच्या संख्येइतकाच त्यांच्यातील सुमेळही आवश्यक आहे.