कर्णयंत्रापलीकडचे उपाय

घरांतील वडील मंडळींना कमी ऐकूं येऊं लागलें, कीं आपण प्रथम आवाज चढवितों. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं, म्हणजे एक कर्णयंत्र आणतों. या दोन्ही गोष्टी मूळांत एकच आहेत. साधें कर्णयंत्र म्हणजे हवेंतून येणारा ध्वनि मोठा करून कानांत सोडणारें साधन. पुष्कळांना तें उत्तम उपयोगीं पडतें. परंतु कांहींचें यंत्र चार दिवसांत टेबलाच्या खणांत जाऊन पडतें, आणि दोष मात्र म्हाताऱ्याच्या हट्टी स्वभावाला लावला जातो. वास्तविक बहिरेपण हा एकच विकार नव्हे. ध्वनीची वाट कोठें अडली आहे, हें कळल्यावांचून उपाय ठरवितांच येत नाहीं.

ही वाट अशी आहे. ध्वनि पडद्यावर आदळतो. पडद्यामागील हातोडी, ऐरण व रिकीब हीं तीन इवलींशीं हाडें तें कंपन आंत पोंचवितात. आंत शंखासारखी वेटोळी कॉक्लिया असते. तींतील सुमारें १५,००० केसल पेशी कंपनाचें विद्युत्संदेशांत रूपांतर करतात व श्रवणतंतु तो संदेश मेंदूकडे नेतो. बिघाड रिकिबीपर्यंतच्या भागांत असला तर त्यास वहनदोष म्हणावें. पुढें असला तर संवेदनदोष. हा भेद ओळखण्याची एक सोपी युक्ति रिने या जर्मन वैद्यानें १८५५ सालीं सांगितली. नादकाटा वाजवून कानामागील हाडावर टेकवावयाचा, आणि तेथें नाद ऐकूं येईनासा झाला कीं तोच काटा कानासमोर धरावयाचा. निरोगी माणसास नाद पुन्हां ऐकूं येतो. वहनदोष असणारास येत नाहीं. कारण त्याला हवेपेक्षां हाडच अधिक उपयोगीं पडतें!

मग हाडाचाच रस्ता कां धरूं नये? शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स यानें १८७९ मध्यें कठीण रबराचा एक पंखा काढला होता. त्याची कड वरच्या दांतांस टेकवली कीं कंपनें दांतांवाटें कवटींत व तेथून कॉक्लियेंत जात. पुढें स्वीडनमध्यें ब्रॉनेमार्क यांना टिटॅनियम धातु जिवंत हाडाशीं एकजीव होतो असें आढळलें. त्याचा पहिला उपयोग झाला तो कृत्रिम दांत बसविण्यासाठीं. दांतांचा आणि कानाचा हा ऋणानुबंध मोठा मौजेचा आहे. १९७७ मध्यें गोथेनबर्ग येथें चेलस्ट्रॉम यांनीं कानामागील हाडांत टिटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर कंपन देणारें यंत्र अडकविलें. ज्याचा कान सारखा वाहतो किंवा ज्याला जन्मतः कर्णनलिकाच नाहीं, त्याला हें साधन वरदान ठरलें आहे. तान्ह्या मुलास शस्त्रक्रिया न करतां तेंच यंत्र डोक्याच्या मऊ पट्ट्यावर लावतां येतें.

कधीं यंत्राचीही जरुरी नसते. कांहींच्या रिकिबीभोंवतीं हाड वाढून ती जखडते. जॉन शी यांनीं १९५६ सालीं अमेरिकेंत ती काढून जागीं कृत्रिम रिकीब बसविली. ही शस्त्रक्रिया आज सुधारलेल्या स्वरूपांत सर्वत्र होते.

एकच कान पूर्ण गेला असेल, तर त्या बाजूचा ध्वनि टिपून चांगल्या कानाकडे पाठविणारीं यंत्रें १९६५ पासून ज्ञात आहेत. जेवणाच्या पंगतींत त्यांचा फार उपयोग होतो. हांक कोणत्या दिशेनें आली, हें मात्र त्यांनीं कळत नाहीं.

संवेदनदोषाची गोष्ट अधिक कठीण. मनुष्याच्या केसल पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. थोड्या गेल्या असतील तर साधें यंत्र पुरतें; बहुतेक गेल्या असतील, तर आवाज वाढविणें म्हणजे तारा तुटलेल्या सतारीवर जोरानें नखी मारणें होय. येथें कॉक्लिअर इम्प्लांट लागतें. पॅरिसमध्यें जूर्नो व एरिएस यांनीं १९५७ मध्यें श्रवणतंतूस थेट विद्युत्प्रवाह देऊन पाहिला. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनीं १९७८ मध्यें अनेक विद्युदग्रांचें साधन बसविलें. हल्लींच्या साधनांत अशीं १२ ते २२ अग्रें असतात आणि तीं मृत पेशींचें काम थोडेंबहुत करतात. आरंभीं ऐकूं येणारे आवाज चमत्कारिक, यांत्रिक वाटतात. महिनोन्‌महिने अभ्यास करावा लागतो. शस्त्रक्रिया झाली कीं दुसऱ्याच दिवशीं मूल बोलूं लागेल, असें कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. श्रवणतंतूच नसेल तर इम्प्लांटही व्यर्थ. अशांसाठीं मेंदूच्या देठावर विद्युदग्रें बसविण्याचा प्रयोग १९७९ मध्यें लॉस एंजेलिस येथें झाला. ओटोफ नांवाच्या जनुकांतील दोषामुळें जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर चीनमध्यें जनुकोपचार झाले व पांचांना ऐकूं येऊं लागलें, असें १९२४ नव्हे, २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. हा उपाय त्या एका दोषापुरताच आहे, हें ध्यानांत असावें.

मुलांच्या बाबतींत खरा प्रश्न वेळेचा आहे. भाषा ग्रहण करण्याचीं वर्षें पहिलीं तीन-चारच. तीं रिकामीं गेलीं तर उत्तम यंत्रही उणें पडतें. म्हणून निदान होतांच, यंत्राची वाट न पाहतां, घरांतील सर्वांनीं खुणांची भाषा शिकण्यास लागावें. ती पूर्ण भाषा आहे. तिनें बोलणें मागें पडतें, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. निदानासाठीं तर मूल बोलण्याची वाट पाहण्याचें मुळींच कारण नाहीं. निरोगी कान स्वतः अतिक्षीण ध्वनि बाहेर टाकतो, असें लंडनच्या डेव्हिड केंप यांनीं १९७८ सालीं दाखविलें. तो ध्वनि टिपणारी चांचणी निजलेल्या तान्ह्या बाळावर कांहीं मिनिटांत होते. श्रवणतंतूचा दोष मात्र तींत निसटूं शकतो. शंका असल्यास मेंदूच्या देठांतील विद्युल्लहरी मोजणारी दुसरी चांचणी करून घ्यावी. मुंबईंत वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे.