शंख एकाचा, बिऱ्हाड दुसऱ्याचे : संन्यासी खेकडे ओळखावेत कसे?

ओहोटीची वेळ साधून मुंबईच्या किंवा कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर उतरले, की डबक्यांच्या तळाशी पडलेले शंख पाहता पाहता चालू लागतात. आपली सावली त्यांच्यावर पडली की चालणे थांबते आणि शंख पुन्हा निर्जीव होऊन पडतो. ज्या गोगलगायीने तो शंख घडवला ती केव्हाच मेलेली असते. आत बिऱ्हाड थाटलेले असते ते ‘हर्मिट क्रॅब’ने, म्हणजेच संन्यासी खेकड्याने. खरे तर या प्राण्याला संन्यासी म्हणणे फारसे न्यायाचे नाही. घरासाठी इतकी मारामारी करणारा, शेजाऱ्याचे घर आपल्यापेक्षा बरे आहे का हे सतत चाचपून पाहणारा आणि संधी मिळताच त्याला बाहेर काढून आत शिरणारा प्राणी विरळाच. मुंबईकराला त्याची ही धडपड समजायला जड जाऊ नये.

हा खेकडा नेमका कोणत्या जातीचा, असे विचारले की बहुतेकांची नजर प्रथम शंखाकडे जाते. चूक होते ती इथेच. शंख हे त्याचे शरीर नव्हे, ते भाड्याचे घर आहे. एकाच जातीचे खेकडे दहा प्रकारच्या शंखांत सापडतात आणि एकाच प्रकारच्या शंखात तीन-चार जातींचे खेकडे राहतात. चाळीतल्या खोलीच्या दारावर जुन्या भाडेकरूची पाटी तशीच राहावी आणि त्या नावाने नव्या माणसाला हाक मारावी, तसा हा प्रकार होतो. ओळख पटवायची तर दाराबाहेर जेवढे अंग दिसते तेवढ्यावरूनच पटवावी लागते.

हे अंग तसे थोडकेच असते. नेहमीच्या खेकड्याला दोन नांग्या आणि चालण्याच्या पायांच्या चार जोड्या असतात. संन्यासी खेकड्याच्या शेवटच्या दोन जोड्या आखूड होऊन शंखाला आतून धरून ठेवण्याच्या कामाला लागलेल्या आहेत. त्यामुळे बाहेर दिसतात त्या दोन नांग्या, चार पाय, देठांवरचे दोन डोळे आणि मिशांसारख्या शृंगिकांच्या दोन जोड्या. पोटाचा भाग कवचहीन आणि मऊ असतो. बहुतेक शंखांचे वेढे उजवीकडे वळतात, म्हणून हे पोटही उजवीकडे पीळ घेतलेले असते. शास्त्रीय वर्गीकरणात संन्यासी खेकडे हे ‘खरे’ खेकडे मानले जात नाहीत, ते त्यांचे जवळचे नातेवाईक ठरतात.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे कोणती नांगी मोठी आहे ते पाहणे. उजवी नांगी ठळकपणे मोठी असेल, तर तो पॅग्युरिडी कुळातला असण्याची शक्यता अधिक. डावी मोठी असेल किंवा दोन्ही सारख्या असतील, तर डायोजिनिडी कुळाकडे पाहावे. रांजणात राहणाऱ्या डायोजिनीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावरून पडलेले हे नाव मात्र अगदी चपखल आहे. उष्ण कटिबंधातल्या उथळ किनाऱ्यांवर प्रामुख्याने याच कुळातले खेकडे भेटतात. नांग्यांच्या या खुणेवर डोळे मिटून विसंबून मात्र चालत नाही. भांडणात तुटलेली नांगी पुढच्या कात टाकण्याच्या वेळी पुन्हा उगवते, पण ती प्रथम लहानच असते. त्यामुळे एखादा ‘डावखुरा’ खेकडा काही काळ ‘उजवा’ भासू शकतो. शास्त्रज्ञ म्हणूनच तोंडाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या तिसऱ्या मुखपादांची मुळे तपासतात. डायोजिनिडी कुळात ती एकमेकांना चिकटून असतात, तर पॅग्युरिडी कुळात त्यांच्यामध्ये बरेच अंतर असते. ही खूण पक्की आहे. पण ती पाहण्यासाठी प्राणी उलटा करून भिंगाखाली धरावा लागतो.

डायोजिनिडी कुळात शिरल्यावर पुढचे दोन गट हौशी निरीक्षकालाही वेगळे करता येतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द गटाचा आणि दुसरा जातीचा, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. ‘डायोजिनीस’ या गटात डावी नांगी मोठी असते आणि दोन्ही डोळ्यांच्या देठांच्या मुळाशी, बरोबर मध्यभागी, एक बारीक हलणारा काटा असतो. असा काटा या कुळातल्या इतर नेहमीच्या गटांत आढळत नाही. ‘क्लिबॅनेरियस’ या गटात दोन्ही नांग्या जवळजवळ सारख्या असतात, त्यांची बोटे आडव्या पातळीत उघडतात आणि टोके चमच्यासारखी, काळसर, शिंगाच्या पदार्थाची असतात. खडकाळ किनाऱ्यावर आणि खारफुटीच्या चिखलात रांगेने हिंडणारे, पायांवर उभ्या पट्ट्या मिरवणारे खेकडे पुष्कळदा याच गटातले असतात.

खरी कसोटी लागते ती क्लिबॅनेरियसच्या अंतर्गत. इथे जाती अनेक आहेत आणि त्या दिसतात एकसारख्या. शास्त्रज्ञ येथे अक्षरशः पेरे मोजतात. पायाचे शेवटचे टोकदार पेर त्याच्या आधीच्या पेरापेक्षा लांब आहे की आखूड, हा पहिला प्रश्न असतो. ‘क्लिबॅनेरियस लाँजिटार्सस’ या जातीत ते स्पष्टपणे लांब असते आणि नावातही तेच सांगितले आहे. ‘क्लिबॅनेरियस व्हिरेसेन्स’ या हिरवट पायांच्या जातीत ते आखूड असते आणि त्याचा रंग पिवळा असतो. ‘क्लिबॅनेरियस इन्फ्रास्पायनेटस’ या नावाचा अर्थ ‘खालच्या बाजूला काटा असलेला’. नांगी ज्या पेराला जोडलेली असते त्याच्या मागच्या, मांडीसारख्या पेराच्या खालच्या अंगाला हा उंचवटा शोधायचा असतो. लॅटिन नावांना आपण उगाच घाबरतो. पुष्कळदा ती ओळखपत्रावरच्या ‘शरीरावरील खुणा’ या रकान्याचेच काम करतात.

पण पेरांची मापे जिथे संपतात तिथे पट्ट्या सुरू होतात. पायांवर पट्ट्या किती, त्या रुंद की अरुंद, शेवटच्या पेरावर त्या पोचतात की आधीच थांबतात, यावरून जवळच्या जातींचा निवाडा होतो. आणि इथेच या शास्त्राचे जुने दुखणे आहे. संग्रहालयात प्राणी मद्यार्कात ठेवतात. मद्यार्कात लाल-नारिंगी रंगद्रव्ये विरघळतात आणि काही वर्षांत खेकडा फिकट, पिवळसर, एकरंगी होऊन बसतो. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०५ मध्ये भारतीय संन्यासी खेकड्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली. तिचा आधार अजूनही घेतला जातो. मात्र अशा सूची मुख्यतः बरणीतल्या नमुन्यांवर उभ्या राहतात, आणि जिवंतपणी रंगांच्या मांडणीने वेगळ्या दिसणाऱ्या दोन जाती बरणीत सहज एक होऊन जातात.

याचे बोलके उदाहरण अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरचे आहे. तिथला ‘क्लिबॅनेरियस व्हिटॅटस’ हा बारीक पट्ट्यांचा खेकडा १८०२ पासून शास्त्राला माहीत होता. अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत सापडणारी ही एकच जात, असे मानले जाई. १८४० मध्ये रँडल यांनी ‘सिमेट्रिकस’ नावाची एक वेगळी जात वर्णन केली होती खरी, पण पुढच्या अभ्यासकांनी तिला स्वतंत्र मानले नाही आणि ते नाव बाजूला पडले. २०१४ मध्ये मारियाना नेग्री, राफाएल लेमैत्र आणि फर्नांडो मान्तेलात्तो यांनी जनुकीय तुलना केली, तेव्हा या एका नावाखाली दोन जाती नांदत असल्याचे दिसून आले. जिवंत प्राण्यांच्या पायांवरील रंगांची ठेवणही वेगळी होती. अडगळीत गेलेले नाव शंभराहून अधिक वर्षांनी परत आले. मधल्या काळात या खेकड्याची वाढ, प्रजनन, खाणे यांवर जे लिहिले गेले, त्यातला कोणता निष्कर्ष कोणत्या जातीचा हे आता किनारा पाहून ठरवावे लागते. केवळ नाव चुकल्याने एवढे सगळे लेखन संशयात येते.

यावरून रंग हीच उत्तम खूण, असे कुणाला वाटेल, तर जमिनीवर राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांकडे वळावे. ‘सीनोबिटा’ गटातले हे खेकडे हिंदी आणि प्रशांत महासागरातील बेटांवर, आपल्याकडे विशेषतः अंदमान-निकोबारमध्ये, झाडीत आणि वाळूवर हिंडतात. यांतला ‘सीनोबिटा रुगोसस’ पांढरट, तपकिरी, राखी, काळपट अशा कोणत्याही रंगात समोर येतो. ‘सीनोबिटा पर्लेटस’ लहानपणी फिकट असतो आणि वाढता वाढता स्ट्रॉबेरीसारखा लाल होऊन त्यावर मोत्यांसारखे पांढरे दाणे उठून दिसू लागतात. लहान पर्लेटस आणि फिकट रुगोसस यांची गल्लत होणे अगदी स्वाभाविक. म्हणजे समुद्रातल्या पट्टेवाल्यांत रंगांची मांडणी कामी येते आणि जमिनीवरच्यांत नुसता रंग फसवतो.

जमिनीवरच्या खेकड्यांत पाहायचे ते डोळ्यांचे देठ आणि डावी नांगी. ‘सीनोबिटा ब्रेव्हिमॅनस’ या जातीत देठ गोलसर, नळीसारखे असतात, तर रुगोसस, पर्लेटस आणि ‘कॅव्हिपेस’ यांच्यात ते दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असतात. ब्रेव्हिमॅनसची डावी नांगी फुगीर, गुळगुळीत, बहुधा जांभळी. रुगोससच्या डाव्या नांगीच्या बाहेरच्या अंगावर, वरच्या कडेजवळ, तिरप्या बारीक वळकट्यांची एक ओळ असते. जणू कुणी सुईदोऱ्याने टाके घातले आहेत. ही ओळ पायावर घासून खेकडा किरकिर आवाज काढतो असे मानले जाते. कॅव्हिपेसच्या नांगीवर हे टाके नसतात. देठ चपटे असून टाके नसतील तर रुगोसस वगळता येतो, एवढी ही खूण भरवशाची आहे.

ही बारकाई कशासाठी, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. एक कारण कायद्याचे आहे. याच सीनोबिटांच्या कुळात ‘बिर्गस लॅट्रो’ हा नारळी खेकडा येतो. तो जमिनीवर राहणारा जगातला सर्वांत मोठा संधिपाद प्राणी असून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. प्रौढ नारळी खेकडा शंख वापरत नाही, पण बालवयात तोही रिकाम्या शंखात पोट लपवून फिरतो. म्हणजे बेटावरून ‘गंमत म्हणून’ उचललेला लहानसा शंख नेमका कुणाचा, याला महत्त्व येते. जपानने यावर सोपी वाट काढली. १९७० मध्ये सीनोबिटा गटातील खेकड्यांना राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देताना जाती निवडण्याच्या भानगडीत न पडता सगळा गटच संरक्षणाखाली घेतला.

दुसरे कारण घरातल्या काचेच्या टाकीचे. जमिनीवरचे खेकडे कल्ल्यांना ओलावा लागत असला तरी पाण्यात बुडवून ठेवले तर गुदमरून मरतात. समुद्रातले खेकडे कोरड्या वाळूत ठेवले तर तेही टिकत नाहीत. विकणाऱ्याला हा फरक ठाऊक असेलच असे नाही. या दोघांना वेगळे करण्यासाठी आतल्या, लहान शृंगिका पाहाव्यात. जमिनीवरच्यांत त्या लांब, कोपरासारख्या वाकलेल्या आणि टोकाशी एकदम बोथट झालेल्या असतात, कारण त्यांना हवेतला वास घ्यायचा असतो. समुद्रातल्यांत त्या टोकाला निमुळत्या होत जातात आणि त्यांवर केसांचा झुपका असतो.

काही खुणा मात्र शंखातच राहतात. अनेक जातींत नराच्या पाचव्या पायांच्या मुळांची ठेवण निर्णायक असते, तर काही गटांत पोटाखालचे उपांग पाहावे लागतात. त्यासाठी खेकड्याला ओढून बाहेर काढण्याचा मोह अभ्यासकांखेरीज कुणीही करू नये. तो शंख सोडत नाही, प्रसंगी अंग तुटते पण पकड सुटत नाही. गेल्या काही वर्षांत याला चांगला पर्याय उभा राहिला आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारखा २०१७ मध्ये सुरू झालेला उपक्रम किंवा इंटरनेटवरील निरीक्षणांच्या नोंदवह्या यांमुळे किनाऱ्यावर फिरणाऱ्या सामान्य माणसाने काढलेली छायाचित्रे तज्ज्ञांपर्यंत पोचू लागली आहेत. बरणीत जे पुसले जाते ते छायाचित्रात टिकते, म्हणजे पट्टे, ठिपके, डोळ्यांचा रंग.

अट एवढीच की छायाचित्र शंखाचे नसावे. शंख उथळ पाण्यात तोंड वर येईल असा ठेवून दोन-तीन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, की आधी शृंगिका, मग डोळे आणि मग नांग्या बाहेर येतात. खेकडा सुलटा होण्यासाठी अंग ताणतो तो क्षण नेमका उपयोगाचा. डोळ्यांचे देठ वरून, दोन्ही नांग्या समोरून आणि पाय बाहेरच्या बाजूने, असे तीन कोन मिळाले तर बहुतेक गटांत काम भागते. एकच बाजू टिपता येणार असेल तर डावी टिपावी. डायोजिनिडी कुळातल्या अनेक जातींत डावा आणि उजवा पाय हुबेहूब सारखे नसतात, आणि जातींच्या शास्त्रीय वर्णनांत चित्र बहुधा डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायाचे, म्हणजे नांगीपासून मोजल्यास तिसऱ्या क्रमांकाच्या उपांगाचे, दिलेले असते.