गालातला राखीव साठा

गालांची गोलाई घटवून चेहरा रेखीव करण्यासाठी तोंडातून छोटा छेद घेऊन गालातील चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा गेल्या काही वर्षांत बराच बोलबाला झाला असून, जाहिरातींत ती किरकोळ बाब वाटते. परंतु ही चरबी त्वचेखालील सामान्य मेद नव्हे. गालाचा स्नायू आणि चर्वणाचा स्नायू यांच्यामध्ये स्वतंत्र आवरणात असलेल्या या गादीच्या शाखा कानशिलापर्यंत जातात, आणि प्रत्येक बाजूस सुमारे १० मिलिलिटर असलेले तिचे आकारमान वजन घटले-वाढले तरी फारसे बदलत नाही. १७३२ मध्ये जर्मन शल्यज्ञ हाइस्टर यांनी तिला ग्रंथी मानले होते; ती चरबी आहे हे पुढे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा यांनी ओळखले.

या गादीची खरी योग्यता मात्र १९७७ मध्ये शल्यज्ञ एगेडी यांनी दाखविली: रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती तोंडात ओढून घेऊन टाळूचे किंवा जबड्याचे भोक बुजविता येते, आणि काही आठवड्यांत तिच्यावर तोंडाचे अस्तर चढते. सुपारी व गुटख्याने ज्या विकारात तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचून तोंड उघडेनासे होते, त्याचे भारतात १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी वर्णन केले. त्या विकारात तंतूंचे कडक पट्टे कापल्यावर उरणारी जखमही हीच चरबी झाकते. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी येऊनही तो न सुटलेल्या महाराष्ट्रात हा साठा केवळ छायाचित्रासाठी फेकून द्यावा, हे पटण्यासारखे नाही.

वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडणारी लाळनलिका आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा या गादीला लागूनच असल्याने लाळगळती किंवा ओठाची हालचाल मंदावणे संभवते. शिवाय वयानुसार चेहऱ्यातील मेद ओसरतोच, तेव्हा पोकळ गाल अकाली वार्धक्य दाखवू शकतात, आणि काढलेली गादी परत वाढत नाही. रुंद जबडा किंवा मोठा चर्वणस्नायू हे गोलाईचे कारण असेल, तर चरबी काढूनही उपयोग होत नाही. येवल्यासारख्या गावाहून नाशिकला जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने, शल्यविशारद प्लास्टिक सर्जरीचा की मुख-जबड्याचा आहे याबरोबरच, रात्री सूज वाढल्यास सुमारे ८० किलोमीटरवरून कोण पाहणार, हेही आधी विचारावे. सुपारी खाणाऱ्याने तर तोंडात तीन बोटे उभी मावतात का, हे प्रथम तपासून घ्यावे. मावत नसल्यास हीच चरबी पुढे उपचारासाठी लागण्याचा संभव आहे.