अल्पाभ्यस्त भाषांची परीक्षा

ज्या भाषा हजारों विद्यार्थी शिकतात, त्यांच्या परीक्षेस संख्येचा आधार असतो. शेंकडों उत्तरपत्रिका, अनेक परीक्षक आणि मागील वर्षांशीं तुलना, यांवरून प्रश्न सोपा होता कीं अवघड, हें ठरवितां येतें. परंतु ज्या वर्गांत चारच विद्यार्थी असतात व शिक्षक तोच परीक्षक असतो, तेथें हें साधन निरुपयोगी होतें. अशा भाषेचें ज्ञान मापावें कसें, हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. आपल्या मराठीच्या बाबतींत तो दोनशें वर्षांपूर्वींच उभा राहिला होता.

कंपनीच्या तरुण मुलकी नोकरांस देशी भाषा याव्यात, म्हणून वेलस्लीनें इ. स. १८०० मध्यें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिलें. तेथें फारशी व हिंदुस्थानी यांच्या मानानें मराठीचे विद्यार्थी थोडे. विल्यम केरी हे पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें मराठी शिकवीत. केरींचें व्याकरण १८०५ मध्यें देवनागरी टाइपांत निघालें. १८१० चा कोश मात्र मोडी टाइपांत छापला गेला. व्यवहाराची लिपि कोणती, हें ध्यानीं आल्याची ही खूणच होय.

या कॉलेजांत जाहीर वादसभा भरत. एका विद्यार्थ्यानें देशी भाषेंत पक्ष मांडावा, दुसऱ्यांनीं त्याचें खंडन करावें, असा क्रम असे. समारंभ थाटाचा खरा. परंतु विषय आधीं ठरलेला असल्यामुळें तयारीस वाव राहात असे. सिद्ध केलेलें भाषण उत्तम वठलें, एवढ्यावरून कोंकणांतल्या रयतेची तक्रार त्या अधिकाऱ्यास समजेल, असें अनुमान निघत नाहीं.

याच्या उलट आपल्या शास्त्राध्ययनांतील शलाका-परीक्षा. पोथींत शलाका खुपसावी आणि जें पान निघेल तेथून विद्यार्थ्यानें अर्थ लावावा. येथें परीक्षार्थी एकटा असला तरी अडत नाहीं. कारण त्याची तुलना इतरांशीं नसून ग्रंथाशीं असते. हिची मर्यादाहि उघड आहे: ग्रंथ पढलेला असतो, आणि बोलण्याचालण्याची कसोटी तींत लागत नाहीं.

अमेरिकेच्या परराष्ट्र-सेवेच्या शिक्षणसंस्थेनें १९५० नंतरच्या दशकांत ही दुसरी उणीव भरून काढिली. प्रत्यक्ष संभाषण घेऊन शून्यापासून पांचपर्यंत पायरी ठरविण्याची पद्धति तिनें पाडली. तेथील विदेशी-भाषा-शिक्षकांच्या परिषदेनें पुढें १९८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पायऱ्या, आणि युरोपांत २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सहा पायऱ्या, यांचें बीज एकच: विद्यार्थी भाषेनें काय करूं शकतो, तें सांगावें.

तथापि पायऱ्या परक्या भाषांवरून आखलेल्या असल्या, तर त्या जशाच्या तशा लावूं नयेत. मराठी शिकणारा "मी आंबा खाल्ला" आणि "मी पोळी खाल्ली" हा भेद गाळलेल्या जागा भरतांना अचूक दाखवील. बोलण्याच्या ओघांत क्रियापद कर्मामागें गेलें, तरच प्रयोग त्याच्या अंगवळणीं पडला म्हणावयाचा. वडील माणसास तो "तूं" म्हणतो कीं "तुम्ही", हेंहि पाहिलेंच पाहिजे.

म्हणून आमचें मत असें कीं अल्पाभ्यस्त भाषेच्या परीक्षेंत एक न पढलेला उतारा व एक न ठरविलेलें संभाषण अवश्य असावें. दुसऱ्या गांवच्या का होईना, पण शिक्षकाहून निराळ्या जाणकारानें तें ऐकावें. आणि नुसत्या गुणांऐवजीं विद्यार्थ्यास काय येतें व काय येत नाहीं, तें चार ओळींत लिहून ठेवावें. चार विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी कांहींच सांगत नाहीं. हें लेखी वर्णन पुष्कळ सांगतें. ज्या वर्गाचें फळ असें दाखवितां येत नाहीं, तो खर्चाच्या नांवाखालीं आधीं बंद पडतो. आणि प्रमाणपत्र हातीं असून जुना कागद पुढें येतांच जो अडखळतो, त्याच्या भरंवशावर इतिहासाचें दप्तर कोणीं सोंपवावें?