घरचं उटणं, बाजारची हळद

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्याकडे उटण्याची तयारी सुरू होत असे. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याच्या साली आणि मसुरीची डाळ. सारं उन्हात खडखडीत वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. आईच्या हाताखाली मी हे शिकले आणि पुढे माझ्या संसारातही तेच करत आले.

काही वर्षांपूर्वी नातवाची पहिली दिवाळी होती. त्या वर्षी वेळ नव्हता, म्हणून सगळ्या पावडरी तयारच आणल्या. सुवास हवा म्हणून चंदन पावडरीची एक स्वस्त पुडीही घेतली. पहाटे बाळाला उटणं लावलं आणि दुपारपर्यंत त्याच्या पाठीवर, मांड्यांवर लालभडक पुरळ उठलं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंना मी मोठ्या विश्वासानं सांगितलं, "अहो, घरचं आहे. त्यात एकही केमिकल नाही." त्यांनी शांतपणे विचारलं, "आजी, त्यात काय काय आहे आणि ते कुठून आणलंत?" मला उत्तर देता येईना. चार दिवसांत पुरळ गेलं, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. खरं तर मी घरी केलं होतं ते फक्त मिसळण्याचं काम. बाकी सारं बाजाराचंच होतं.

मग मी एकेक जिन्नस तपासायला लागले. आधी चंदन. चंदनाच्या गाभ्याचं लाकूड किलोला हजारो रुपयांनी जातं. मग दहा-वीस रुपयांच्या पुडीत चंदन असेल कसं? कसला तरी भुसा आणि वर कृत्रिम सुगंध, एवढंच तिच्यात असू शकतं. बाळाच्या त्वचेला असा सुगंध सोसतोच असं नाही. आता मी सहाणेवर खोड उगाळते, नाहीतर चंदन घालतच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट हळदीची. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळल्याची उदाहरणं आहेत. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडत होतं. ते हळदीतून येत असल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. तिथे हळकुंडांना पॉलिश करतानाच हा रंग लावला जात होता. तपासण्या आणि दंड सुरू झाल्यावर दोन वर्षांत तो प्रकार जवळजवळ थांबला. म्हणजे मनात आणलं तर हे थांबवता येतं. पण 'अख्खं हळकुंड आणलं की काळजी मिटली' हा माझा समज मात्र त्यामुळे गळून पडला.

शिसं त्वचेतून फारसं आत जात नाही, हे खरं. पण बाळाची बोटं दिवसभर तोंडात असतात आणि उटण्याची पूड नाकातोंडात उडते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला थोडंसं शिसंही घातक असतं. म्हणून अंगाला लावायची हळद खाण्याच्याच दर्जाची हवी. पूजेच्या सामानातली हळद उटण्यात नको. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं घरी करण्याजोगी एक सोपी चाचणी सुचवली आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन हळकुंड टाकायचं. लगेच पिवळा रंग सुटला, तर ते हळकुंड वापरायचं नाही. बारीक भेसळ यातून कळेलच असं नाही, पण ढोबळ भेसळ हाती लागते.

काष्ठौषधींच्या दुकानात नावांचाही घोळ होतो. कचोरा वेगळा, कापूरकाचरी वेगळी, आणि खायचा-जाळायचा कापूर त्याहून वेगळा. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून अख्खी मुळं-साली मागाव्यात, त्या पाहून, हुंगून, मोडून घ्याव्यात. बुरशीचा वास आला तर परत कराव्यात. कुटलेल्या पुडीत यातलं काहीच कळत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. सुगंधी अर्क थेट अंगावर घालू नयेत. चहाच्या चमचाभर खोबरेल तेलाला एखादा थेंब पुरतो आणि तान्ह्या बाळाला तोही नको. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. कोरडं उटणं टिकतं; दूध, गुलाबपाणी किंवा साधं पाणी पडलं की त्यात जंतू वाढू लागतात. लागेल तेवढंच भिजवावं, उरलेलं टाकून द्यावं. बरणीत ओला चमचा घालू नये.

नवं उटणं आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. आणि ते विकायचं मनात आलं, तर सौंदर्यप्रसाधनं तयार करून विकायला परवाना लागतो, हे आमच्या बचत गटातल्या मैत्रिणींनी विसरू नये.

आता माझ्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते : कोणता जिन्नस, कुठून आणला, कधी कुटला. सून हसते, म्हणते, "आई, हे उटणं आहे की औषधाचा दवाखाना?" हसू दे. पुन्हा कुणी विचारलं, "आजी, यात काय काय आहे?" तर मला गप्प बसायचं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)