"ताई, रायफल कोणती घेऊ?"

आमच्या विंगमधली एक ज्युनिअर परवा मेसमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसली. "ताई, रायफल घ्यायचीय. कोणती चांगली?" 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून हा प्रश्न मला अधूनमधून येतोच. हिच्याकडे तर यादीच होती : वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, आन्शुट्झ. म्हटलं, यादी ठेव बाजूला, आधी जेव. उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते.

कुसाळेचा प्रकार 50 मीटरचा, .22 काडतुसाचा. त्या रायफलीला शस्त्र परवाना लागतो. नवशिके बहुतेक सुरुवात करतात ती 10 मीटर एअर रायफलने. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, ऊर्जा साधारण साडेसात-आठ ज्यूल. परवान्याची मर्यादा 20 ज्यूलची, त्यामुळे हिला परवाना लागत नाही. पण म्हणून सुट्टीत गावाकडे नेऊन होले मारायचे, असं मनात असेल तर तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि हॉस्टेलच्या खोलीत तर ती आणायचीच नाही, रेंजवरच्या कपाटात ठेवायची.

आता ही बंदूक आणि जत्रेतली फुगे फोडायची बंदूक यात फरक काय? जत्रेतलीत नळी मोडून स्प्रिंग ताणायची. घोडा दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन हवा दाबतो, ती हवा छर्‍याला ढकलते. यात गोची अशी, की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या धक्क्याने बंदूक हललेली असते. मॅच रायफलीत हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली असते, 200 बारने. चारचाकीच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास असते, यावरून अंदाज घ्या. मधला रेग्युलेटर तो दाब खाली आणून दरवेळी सारखाच ठेवतो. मेकॅनिकलवाल्यांनी एकदा तरी तो उघडलेला बघावा.

टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्‍याची कड त्याला शिवली की 10.0, आणि केंद्राकडे दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत 10.9 पर्यंत. रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे गोल कडी, या दोन्हींतून काळा गोल मधोमध धरायचा. दोन्ही साइट्समधलं अंतर समजा 750 मिलिमीटर. पुढची कडी मागच्या भोकाच्या मध्यापासून 0.1 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 1.33 मिलिमीटर सरकतो. म्हणजे 10.9 चा 10.4 झाला. असे 60 शॉट मारायचे, सव्वा तासात. आणि हे 0.1 कशाने सरकतं? गालाचा दाब बदलला, खांदा ढिला पडला, श्वास चुकला. यात कंपनीचं नाव कुठेच येत नाही.

हे मला शहाणपण आधी नव्हतं. बाबांनी उसाच्या बिलातून पैसे दिले आणि मी एक सेकंडहँड परदेशी रायफल घेतली. दिसायला झकास. रेंजवर सरांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर सिलिंडरवरची तारीख. या सिलिंडरांचं आयुष्य साधारण 10 वर्षं धरतात. माझं संपून गेलेलं. 200 बारची वस्तू गालाजवळ धरायची असते, त्यात "चालतंय की" चालत नाही. विकणार्‍याने फोन उचलणं बंद केलं. नव्या सिलिंडरमध्ये जॅकेटचे पैसे गेले, आणि तो सीझन मी स्वेटरवर काढला. साडेपाच किलोपर्यंतचं वजन उभ्याने पेलायचं असतं. कडक जॅकेट पाठीला आधार देतं, तो नसला की तिसाव्या शॉटनंतर कंबर बोलायला लागते. राज्य स्पर्धेची पात्रता दोन गुणांनी हुकली. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर सरांनी रायफल शिकंज्यात घट्ट बसवली आणि माझ्याकडच्या तीन डब्यांतले दहा-दहा छर्रे मारून बघितले. माणूस मध्ये नाहीच. एका डब्याचे दहाही छर्रे जेमतेम साडेपाच मिलिमीटरच्या भोकात बसले; दुसर्‍याचं भोक आठाच्या पुढे गेलं. तिसरा मधला. गंमत म्हणजे सगळ्यात महाग डबा दुसराच होता! छर्‍याच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा येतो आणि प्रत्येक नळीला वेगळा मानवतो. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येसुद्धा फरक निघतो. म्हणून मित्राला जो छर्रा "बेस्ट" तो तुम्हाला बेस्ट असेलच असं नाही. जमलेल्या बॅचचे डबे एकदम घेऊन ठेवायचे.

तर ज्युनिअरला मी सांगितलं ते असं : पहिले सहा महिने क्लबची रायफल. स्वतःचे पैसे आधी जॅकेट, पँट आणि बुटांवर, मापाने शिवलेल्या. (जॅकेटच्या कापडाची जाडी नियमाप्रमाणे 2.5 मिलिमीटरच्या आत हवी, स्पर्धेत मोजतात.) मग रायफल. घेताना दस्त्याचा गालाचा आणि खांद्याचा भाग आपल्या शरीराप्रमाणे सरकतो का, हे धरून बघायचं. जुनी असेल तर सिलिंडरची तारीख आधी, किंमत नंतर. यादीतल्या चारही कंपन्यांच्या रायफली तिच्या-माझ्यापेक्षा कितीतरी सरळ मारतात.

ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "बूट कितीला येतात?" रविवारी तिला रेंजवर घेऊन जातेय.